टेरी अँडरसन यांच्या संशोधनाचा इम्पॅक्ट म्हणजे नक्की काय

मागच्या महिन्यात आमच्या स्टाफरूममध्ये प्रमोशनचे फॉर्म भरणं चालू होतं आणि एका रकान्यापाशी येऊन बहुतेक जण अडले, एच-इंडेक्स. आमच्या मराठीच्या मॅडम, चोवीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या, त्यांनी मला विचारलं, अगं हे काय असतं नक्की आणि माझं किती असेल. मी मोबाईलवर शोधून दाखवलं. शून्य आलं. त्या काही बोलल्या नाहीत, फॉर्मवर शून्य लिहिलं आणि तासाला निघून गेल्या. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, कारण संशोधनाचा इम्पॅक्ट, म्हणजे प्रभाव, हा शब्द आता जिकडेतिकडे ऐकू येतो, कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाईलीत येतो, मुलाखतीत येतो, पण तो मोजतात कसा आणि त्यातलं काय धरायचं, काय सोडून द्यायचं हे कुणी बसून सांगत नाही.

नुसत्या व्याख्या सांगून हे कळत नाही म्हणून एक माणूस घेते, टेरी अँडरसन. कॅनडातले प्राध्यापक, मुक्त आणि ऑनलाईन शिक्षणावर आयुष्यभर काम केलेले, आता निवृत्त. हेच का, तर मी गेली काही वर्षं रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे मार्गदर्शन करणारी शिक्षिका, म्हणून जाते आणि दूर बसलेल्या माणसाला शिकवायचं कसं या प्रश्नावर मला खरंच उपयोगी पडलेलं जे काही वाचलंय त्यात यांचं नाव परत परत येतं. आणि दुसरं कारण म्हणजे यांच्या बाबतीत मोजता येणारा इम्पॅक्ट आणि न मोजता येणारा इम्पॅक्ट दोन्ही शेजारी शेजारी बघायला मिळतात.

आधी सायटेशन म्हणजे काय ते बघू. कीर्तनकार बुवा निरूपण करताना दुसऱ्याची ओवी घेतात तेव्हा 'माउली म्हणतात' किंवा 'तुकोबा म्हणतात' असं नाव घेतात, आपलीच म्हणून खपवत नाहीत. संशोधनाच्या पेपरमध्ये हेच करायचं असतं, ज्याचं घेतलं त्याचं नाव द्यायचं. असं कुणी तुमचं नाव घेतलं की तुमच्या खात्यात एक सायटेशन जमा. गुगल स्कॉलर, म्हणजे संशोधनलेख शोधायचं गुगलचं यंत्र, २००४ साली सुरू झालं तेव्हापासून ही मोजणी कुणालाही फुकट बघता यायला लागली, त्याआधी त्यासाठी मोठ्या लायब्ररीतले महागडे इंडेक्स, म्हणजे सूची, लागायचे. आता यात एक मेख आहे. नाव घेतलं म्हणजे पटलं असं नाही. बुवा जसं खोडून काढायलाही एखाद्याचं नाव घेतात तसंच इथे, 'अमक्यांचं म्हणणं चुकीचं आहे' असं लिहिलं तरी अमक्यांचं सायटेशन एकने वाढतंच.

एच-इंडेक्स हा त्याच मोजणीवरचा हिशोब. जॉर्ज हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये मांडला. समजा तुमचे सात पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन उतरत्या क्रमाने अशी आहेत, ४०, १८, ९, ६, ४, ३ आणि ०. आता वरून मोजत या. पहिल्याला निदान १ आहे का, आहे. दुसऱ्याला निदान २, आहे. तिसऱ्याला ३, आहे. चौथ्याला ४ पाहिजेत, ६ आहेत, चाललं. पाचव्याला ५ पाहिजेत पण ४ च आहेत, इथे थांबायचं. तुमचा एच-इंडेक्स ४. म्हणजे तुमचे असे चार पेपर आहेत ज्यांना प्रत्येकी निदान चार सायटेशन आहेत. आता गंमत बघा, त्या पहिल्या पेपरची ४० ची ४००० झाली तरी एच-इंडेक्स ४ च राहतो. एकच ग्रंथ लिहून सगळा विषय बदलून टाकणारा माणूस या हिशोबात मागे पडतो आणि मध्यम दर्जाचे भरपूर पेपर काढणारा पुढे जातो. शिवाय विषयाविषयात फरक. मेडिकलच्या पेपरला जितकं सायट करतात तितकं शिक्षणशास्त्रात करत नाहीत, आणि मराठीत लिहिलेला पेपर तर या इंडेक्सना बहुतेक वेळा दिसतच नाही. आमच्या मॅडमचं शून्य त्यातलंच, त्यांचे लेख चांगल्या नियतकालिकांत आलेत पण ती नियतकालिकं त्या यंत्राच्या नजरेत नाहीत. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून अजून एक आकडा असतो तो माणसाचा नाहीच, जर्नलचा, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकाचा असतो, मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन आली एवढंच तो सांगतो, तो माणसाला चिकटवणं चूक आहे हे २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी जाहीरनामा काढून सांगितलंय, तरी अजून चिकटवतात.

तर अँडरसन. कॅनडात अल्बर्टा नावाचा प्रांत आहे, एडमंटन शहरापासून उत्तरेला साधारण १४५ किलोमीटरवर अथाबास्का नावाचं छोटंसं गाव, आणि त्या गावाच्या नावाचं मुक्त विद्यापीठ, १९७० मध्ये स्थापन झालेलं. कॅनडात माणसं कमी आणि अंतरं अफाट, हिवाळ्यात बर्फ, त्यामुळे दूर बसून शिकणं ही तिथे सोयीपेक्षा गरज जास्त. तिथल्या पदवीच्या कोर्सना बहुतेक वेळा बॅच नसते, कुठल्याही महिन्यात नाव घाला, आपल्या चालीने शिका. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येतो.

पण अँडरसन यांचं सगळ्यात गाजलेलं काम अथाबास्काला जायच्या आधीचं आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात होते. तिथे रँडी गॅरिसन आणि वॉल्टर आर्चर या सहकाऱ्यांबरोबर नोकरी करणाऱ्या लोकांसाठी पदव्युत्तर कोर्स काढायचा घाट चालला होता. व्हिडिओ वगैरे काही नाही, तेव्हाच्या इंटरनेटवर फक्त टाईप करून चर्चा, कंप्युटर कॉन्फरन्सिंग म्हणायचे त्याला. आणि प्रश्न तोच जो आजही विचारतात, समोरासमोर न बसता नुसत्या लिहिण्यातून खरं शिकणं होतं का? या तिघांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काय केलं, तर कोर्समधले मेसेज काढून बसले आणि एकेक वाचून त्यात काय चाललंय त्याची वर्गवारी करायला लागले. त्यातून २००० साली तो पेपर आला, कम्युनिटी ऑफ इन्क्वायरी, म्हणजे मिळून शोध घेणारा गट, ही कल्पना मांडणारा. त्याला आज हजारो सायटेशन आहेत, ऑनलाईन शिक्षणावर लिहिणाऱ्या माणसाला तो टाळून पुढे जाता येत नाही.

कल्पना काय आहे ते सांगते, कारण ती कळली तर पुढचं सगळं कळेल. ते म्हणतात ऑनलाईन वर्गात तीन गोष्टींचं अस्तित्व जाणवलं पाहिजे, तीन प्रेझेन्स. पहिला सोशल, म्हणजे समोर माणसं आहेत, नुसती नावं नाहीत, हे वाटणं. आमच्या रविवारच्या बॅचच्या ग्रुपवर एका मुलीने लिहिलं, मॅडम लाईट नव्हती काल, बाळाला मच्छर चावत होते, त्यामुळे गृहपाठ राहिला, आणि खाली तिघींनी लिहिलं आमच्याकडे पण गेली होती, हा झाला सोशल प्रेझेन्स. अभ्यासाचा एक शब्द नाही त्यात पण यानंतर ती मुलगी अडलेलं विचारायला कचरत नाही. दुसरा कॉग्निटिव्ह, म्हणजे खरोखर डोकं चालतंय, विचार पुढे सरकतोय हे दिसणं. आणि तिसरा टीचिंग प्रेझेन्स, कोर्सची आखणी, चर्चा मार्गावर ठेवणं आणि जिथे लागेल तिथे सरळ शिकवणं.

या तिसऱ्याच्या नावावर मी फार वेळ थांबले होते पहिल्यांदा वाचताना. टीचर प्रेझेन्स नाही म्हटलेलं, टीचिंग प्रेझेन्स म्हटलंय. कारण शिकवण्याचं काम शिक्षकानेच केलं पाहिजे असं नाही, ग्रुपमधला कुणीही करू शकतो. आमच्या बॅचमध्ये एक एसटीतले कंडक्टर होते, पन्नाशीचे, ते रात्री मुक्कामाला डेपोत असले की ग्रुपवर इतरांच्या उत्तरांतली गडबड शोधून काढायचे आणि हळूच विचारायचे की दुसऱ्या पानावर तर वेगळं लिहिलंय मग दोन्ही खरं कसं. त्या वेळी शिकवणं त्यांच्याकडून होत होतं, माझ्याकडून नाही. मला आधी हे थोडं अवघडल्यासारखं वाटायचं की मी असताना ते कसे उत्तर देतात, हा पेपर वाचल्यावर ते गेलं.

कॉग्निटिव्ह भागासाठी त्यांनी अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्या विचारातून चार पायऱ्या घेतल्या. हे तेच ड्युई ज्यांच्याकडे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर शिकले, त्यामुळे आपल्याला नाव परकं नाही. पहिली पायरी, काहीतरी खटकतं, प्रश्न पडतो. दुसरी, शोधाशोध, ज्याला जे सुचेल ते मांडणं. तिसरी, त्यातलं जोडून एक समज बांधणं. चौथी, ती समज लावून बघणं, निकाल लावणं. आता २००१ साली याच गटाने मेसेज तपासून काय सापडलं ते छापलं, नमुना छोटाच होता आणि ते त्यांनी सांगितलंही होतं, पण आकडे बघा, ४२ टक्के मेसेज दुसऱ्या पायरीवर आणि शेवटच्या पायरीवर फक्त ४ टक्के. म्हणजे लोक बोलतात भरपूर, मतं मांडतात, पण गोष्ट तडीला जात नाही. ऑनलाईन ग्रुप चालवणाऱ्या कुणालाही हे वाचून आपलाच ग्रुप आठवेल. मला आठवला. शाळेतली गळती का होते यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा चालली होती, कुणी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबद्दल लिहिलं, कुणी मुलींच्या लग्नाबद्दल, कुणी एसटीच्या वेळांबद्दल, सगळं खरं, सगळं अनुभवातलं, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी परीक्षेचं वेळापत्रक टाकलं आणि चर्चा जागच्या जागी संपली. कुणी म्हणालं नाही की मग यातून काय निघालं. दोष मुलांचा नव्हता, तो प्रश्न विचारायचं काम माझं होतं, किंवा कुणाला तरी ते काम नेमून द्यायला हवं होतं.

आता इम्पॅक्टकडे वळू, की एवढी सायटेशन का आली. कल्पना चांगली होती हे तर आहेच पण तेवढ्याने होत नाही, चांगल्या कल्पना कपाटात पडून राहतात. मला वाटतं तीन गोष्टी झाल्या. एक, वेळ. २००० साल, जगभरची विद्यापीठं ऑनलाईन कोर्स काढायला लागलेली आणि बोलायला भाषा नव्हती, या तिघांनी भाषा दिली. दोन, हत्यार. २००८ मध्ये या विषयावर काम करणाऱ्या एका मोठ्या गटाने या कल्पनेवर ३४ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, पाच पर्यायांची, कुणीही उचलावी आणि आपल्या वर्गाला द्यावी. तयार प्रश्नावली मिळाली की पीएचडी करणाऱ्यांचं निम्मं काम होतं, मग ती वापरली जाते, आणि वापरली की सायटेशन. तीन, मूळ पेपर ज्या जर्नलमध्ये आला ते पैसे भरून वाचायचं, पण त्यांनी या प्रकल्पाचे पेपर वेबसाईटवर फुकट ठेवून दिले. नैरोबीतला असो की नांदेडमधला, कुणालाही उघडता येईल असे. नंतर २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि जगभरचे शिक्षक एका आठवड्यात ऑनलाईन ढकलले गेले तेव्हा वीस वर्षांपूर्वीचं हे काम तयार होतं.

इथवर ऐकलं तर वाटेल सगळं छान आहे. पण २००९ मध्ये लियाम रोर्क आणि हेदर कनुका या दोघांनी एक पेपर लिहिला, आणि इम्पॅक्ट म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने तो वाचावाच. त्यांनी २००० ते २००८ मधले या कल्पनेचा उल्लेख करणारे २५२ लेख गोळा केले. म्हणजे सायटेशनच्या हिशोबात सगळे मोजले जाणारे. मग बघितलं की यातल्या कितींनी खरोखर माहिती गोळा करून या कल्पनेच्या एखाद्या भागावर अभ्यास केलाय, तर ४८. आणि त्या ४८ मध्ये विद्यार्थी काय शिकले हे ज्यांनी कुठल्याही प्रकारे मोजलं असे किती, तर पाच. २५२ मधले पाच. हे सगळं बघून त्यांनी निष्कर्ष काढला की खोल, अर्थपूर्ण शिकणं या प्रकारच्या वर्गात होत असेल असं दिसत नाही. आणि हे लिहिणारे रोर्क कोण, तर सोशल प्रेझेन्स आणि टीचिंग प्रेझेन्सवर अँडरसन यांच्याबरोबर पेपर लिहिलेले, त्याच गटातले. घरातल्या माणसाने घरच्या गोष्टीवर इतकं सरळ बोट ठेवणं मला फार मोठं वाटतं.

यावर उत्तरही आलं, या कल्पनेवर काम करणाऱ्या मंडळींनी लिहिलं की आमचं मॉडेल शिकण्याच्या प्रक्रियेचं आहे, निकालाचं नाही, परीक्षेतले मार्क वाढतात असं आम्ही म्हटलंच नव्हतं. मला दोन्ही बाजू कळतात. पण मनापासून सांगायचं तर मी रोर्क यांच्या बाजूला जास्त झुकते. पेपरच्या सुरुवातीला एक परिच्छेद लिहायचा, 'अमुक अमुक यांनी २००० मध्ये म्हटलं आहे' म्हणायचं आणि पुढे आपलं भलतंच लिहायचं, अशी सायटेशन हजारोंनी असतात आणि ती मोजून आपण म्हणतो बघा केवढा प्रभाव. आमच्या अभ्यासकेंद्रावर ज्या बाया सकाळी शेतात जाऊन दुपारी वर्गात बसतात, त्यांना काय आलं आणि काय नाही आलं हे कुणी विचारलंय का, हा प्रश्न त्या २५२ लेखांतल्या २४७ लेखांनी विचारलाच नाही. यात दोष मूळ पेपर लिहिणाऱ्यांचा नाही, पण मोठ्या आकड्याकडे बघताना हे डोक्यात असलं पाहिजे.

अँडरसन यांचं दुसरं काम कमी गाजलं पण माझ्या मते आपल्याकडे ते जास्त उपयोगाचं आहे. २००३ साली त्यांनी एक विधान मांडलं. शिकताना तीन प्रकारच्या देवाणघेवाणी होतात हे दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्येच सांगितलं होतं, विद्यार्थी आणि शिक्षक, विद्यार्थी आणि विद्यार्थी, विद्यार्थी आणि अभ्याससाहित्य. अँडरसन म्हणाले यातली कुठलीही एक जरी उत्तम दर्जाची असली तर बाकीच्या दोन अगदी कमी असल्या, किंवा नसल्या, तरी खोलवर शिकणं होऊ शकतं. आणि एकापेक्षा जास्त चांगल्या असतील तर विद्यार्थी जास्त खूश होतील, पण पैसा आणि वेळही जास्त जाईल. आता ते अथाबास्काचं बॅच नसणं आठवा. तिथे प्रत्येक जण वेगळ्या पानावर, शेजारी कुणी नाही, मग आपसातली चर्चा होणार कशी? अशा ठिकाणी काम करणाऱ्या माणसाला हाच प्रश्न पडणार की एक खांब नसेल तर छप्पर दुसऱ्यावर उभं राहील का.

हे विधान सिद्ध झालंय का? पूर्ण झालंय असं म्हणता येणार नाही, पण ते तपासता येण्यासारखं होतं आणि लोकांनी तपासलं, यालाच मी खरा इम्पॅक्ट म्हणते. माँट्रियलच्या काँकॉर्डिया विद्यापीठातल्या बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ७४ अभ्यास एकत्र करून बघितलं, देवाणघेवाण वाढवली की शिकणं सुधारतं हे दिसलं, आणि त्यातही साहित्याशी आणि आपसातली जास्त कामी येताना दिसली. जपानमध्ये तेरुमी मियाझोए यांनी आपल्या विद्यार्थ्यांना विचारून बघितलं की तुम्हाला यातलं कुठलं महत्त्वाचं वाटतं, आणि पुढे अँडरसन यांच्याबरोबर त्यावर लिहिलं. कॅनडात निघालेला एक विचार टोकियोत जाऊन पारखला गेला. हे एक सायटेशन आणि परिच्छेदात नाव घेतल्याचं एक सायटेशन, मोजणीत दोन्ही सारखीच.

आपल्याकडे याचा संबंध थेट आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद, आणि तिथली पुस्तकं आधीपासून अशी लिहिलेली की माणसाला एकट्याने वाचून कळावं, मध्येमध्ये प्रश्न, स्वतः तपासून बघायच्या जागा. म्हणजे शिक्षक दूर, सोबती दूर, सगळा भार पुस्तकावर. अँडरसन यांच्या भाषेत सांगायचं तर साहित्याशी होणारी देवाणघेवाण उत्तम करा, बाकीचं कमी असलं तरी चालेल. पण इथे मला माझ्या अनुभवातून थोडं थांबावंसं वाटतं. ज्याला वाचायची सवय आहे त्याला हे चालतं. जी बाई पंधरा वर्षांनी वही हातात घेतेय तिला पुस्तक कितीही चांगलं असू दे, पहिले दोन महिने कुणीतरी फोन उचलणारं लागतं. आमच्या एका विद्यार्थिनीने सगळं पुस्तक वाचलं होतं, पेन्सिलने खुणा केल्या होत्या, आणि तरी परीक्षेला बसली नाही, का तर हॉल तिकीट कसं काढायचं ते कुणाला विचारावं हे तिला कळेना आणि विचारायची लाज वाटली. त्या विधानात लाजेची जागा नाही.

आता न मोजता येणारा भाग. अँडरसन यांनी अथाबास्कातून निघणारं एक जर्नल बरीच वर्षं संपादित केलं, तेव्हाचं नाव इंटरनॅशनल रिव्ह्यू ऑफ रिसर्च इन ओपन अँड डिस्टन्स लर्निंग, २००० पासून चालू आणि पहिल्या दिवसापासून फुकट वाचायला खुलं, लिहिणाऱ्याकडूनही पैसे नाहीत. २००४ मध्ये ऑनलाईन शिक्षणावरचं एक जाडजूड पुस्तक संपादित केलं तेही सगळं पीडीएफ खुलं, २००८ ला दुसरी आवृत्ती, तीही खुली. नीट विचार करा याचा. बंद जर्नलमधला एक पेपर वाचायचा तर तीस-चाळीस डॉलर मागतात, म्हणजे आपले अडीच ते साडेतीन हजार, एका पेपरचे. तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलगी ते कुठून देणार. मी त्या पुस्तकातली दोन प्रकरणं प्रिंट काढून, कडेला मराठीत लिहून, अभ्यासकेंद्रावरच्या इतर समंत्रकांना दिली. ते कुठेच मोजलं जाणार नाही. आम्ही कुणी त्यावर पेपर लिहिणार नाही, गुगल स्कॉलरला आमचा पत्ता लागणार नाही. पण जगात असे किती शिक्षक असतील ज्यांनी ते पुस्तक उतरवून घेतलं आणि सोमवारच्या तासाला वेगळं काहीतरी करून बघितलं. मुक्त शिक्षणावर संशोधन करणाऱ्याचं संशोधन मुक्त नसेल तर ते कुणासाठी आहे, मला हे फार मनापासून वाटतं.

आकड्याच्या मागे लागलं की काय होतं तेही आपण बघितलंय. २०१० मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एपीआय स्कोअर आणला, पेपरला गुण, गुणांवर प्रमोशन. मग पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणारी जर्नलं उगवली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये यूजीसीच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ जर्नलं तपासली तर ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची निघाली. माझ्या ओळखीतल्या एकाने कर्जाऊ पैसे घेऊन असे चार पेपर छापून घेतले होते. त्याला मी दोष देत नाही, दार तेवढंच उघडं ठेवलं होतं.

आणि याच्या उलट उदाहरण आपल्या घरातलंच आहे. राम ताकवले सर, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, मग नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, नंतर इग्नूचे. २०२३ मध्ये गेले. दूरशिक्षणातला त्यांचा प्रभाव तुम्ही एच-इंडेक्सने मोजायला गेलात तर हाताला फारसं काही लागणार नाही, कारण त्यांनी जे उभं केलं ते पेपरमध्ये नाही, तालुक्यातालुक्यातल्या अभ्यासकेंद्रांत आहे, दहावी नापास होऊन वीस वर्षांनी पदवी घेतलेल्या माणसांत आहे.

या वर्षी आमच्या बॅचमध्ये मी एक गोष्ट बदलली. प्रत्येक चर्चेला एका विद्यार्थ्याला नेमते, त्याचं काम एवढंच की तिसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत 'यातून काय निघालं' ते चार ओळींत लिहायचं आणि निदान एकाने ते आपल्या गावात करून बघून सांगायचं. गळतीचाच विषय परत घेतला होता. आठवीतल्या दोन मुली एसटीच्या वेळेमुळे शाळा सोडतायत असं त्या चार ओळींत निघालं, आणि एक अंगणवाडी सेविका, आमच्याच बॅचची, मुख्याध्यापकांची सही घेऊन डेपोत अर्ज देऊन आली. पुढच्या रविवारी ती अर्जाची पोच दाखवायला घेऊन आली होती, घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत.